बंगल्यावरची शेगडी

शेगडीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून भागिरथा उलथन्याने काजळीचा पापुद्रा खरवडत होती, आणि नेमकं तेव्हाच बंगल्याच्या व्हरांड्यातून ते हसू आलं. मोठं नव्हतं. घशात सुरू होऊन नाकातून निघून जाणारं, हातावरची माशी उडवावी एवढंच. पण भागिरथाचा हात आतल्या आत थांबला. डोकंही अर्धं ड्रममध्ये होतं, त्यामुळे हसू पत्र्यावर आपटून तिच्या कानात दोनदा वाजलं, एकदा आजचं आणि एकदा सव्वीस जानेवारीचं. गावातल्या सगळ्या बायका एकदम हसल्या असत्या तरी तिने हे हसू वेचून काढलं असतं, तांदळातून खडा काढावा तसं.

खरं तर हे काम तिचं नव्हतंच. वाशीमच्या या सरकारी बंगल्याचा चौकीदार तिचा बाप, जानराव. त्याच्या कमरेत उसण भरली, तो खाटेवर आडवा झाला, आणि रविवारी साहेब लोकांची पार्टी. मग शाळा सुटल्यावर दप्तर टाकून भागिरथाच निघाली. ‘म्या करतो बाबा, तुमी पडून राहा,’ असं ती छाती पुढे काढून म्हणाली होती. महिन्याभरात तिची छाती अशी कशालाही पुढे यायची. वक्तृत्वात अख्ख्या अकोला जिल्ह्यात पहिली आल्यापासून तिला वाटायचं, आपण बोललो की भिंतीसुद्धा वळून बघतात. आणि शेगडी तिला आवडायची. दुष्काळात रस्त्यांची कामं निघाली तेव्हाच्या डांबराच्या रिकाम्या ड्रममधून मोहनसिंग वेल्डरने ती घडवली होती. खाली हवेला तोंड, वर कोंबड्या न् रताळी भाजायची लोखंडी जाळी, आतून मातीचा गिलावा. आरामशीनवरचा लाकडाचा भुसा तिच्यात ठासून भरायचा, मधोमध दांडका उभा ठेवून. दांडका काढला की भुश्यात नळीसारखं भोक राहतं, आणि खालून पेटवलं की शेगडी दिवसभर जळते. ज्वाळ नाही, तडतड नाही. वरून बघणाऱ्याला वाटावं विझली, आणि आत तर लालबुंद. भागिरथाला हे फार पटायचं. माणसानेही असंच रागवावं.

‘अगं मुली!’ आवाज आता पायऱ्या उतरून आला. मोठ्या साहेबांच्या बाई. निळी साडी, हातात छोटी पर्स, नाकाला रुमाल. भागिरथाने डोकं बाहेर काढलं. तोंड, केस, वेण्या, सगळं काळंठिक्कर. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, म्हणजे तिच्या दिशेला पाहिलं. ‘नीट घास हं. मागच्या वेळी जाळीला जुनी चरबी होती, सगळ्याला खवट वास आला. आणि जानरावांना सांग, रविवारी ताजी गोडंबी हवी. इथे एवढी गोडंबी होते आणि आम्हाला मात्र बाजारातली जुनीच मिळते.’ भागिरथाने मान हलवली. ‘मुकी आहे वाटतं,’ बाई कुणाला तरी म्हणाल्या, आणि पुन्हा तसंच हसल्या. जिच्या गळ्यात यांनीच पदक घातलं होतं, जिच्या भाषणाला यांनीच टाळ्या वाजवल्या होत्या, ती मुकी! भागिरथाला ओरडून सांगावंसं वाटलं, पण ओठ उघडले तर जिभेवर काजळी बसली, आणि ती थुंकत राहिली.

सव्वीस जानेवारीला शाळेत पदक यांनीच घातलं होतं. ते ठीकच झालं. मग मुख्याध्यापकांना काय सुचलं, तर ज्या मुलांना बक्षिसं त्यांच्या आयांनाही बोलवा मंचावर, बाईंच्या हस्ते पेढा द्या. तिची माय, वच्छला, मागे सतरंजीच्या टोकाशी बसलेली. भागिरथानेच हाक मारली, सगळ्यांदेखत, ‘माय, ये ना वं!’ वच्छला लाजत आली. नवं लुगडं, डोक्यावर पदर, आणि पेढ्यासाठी दोन्ही हात पुढे केले. ते हात. मोसमात बिबे फोडून आतली गोडंबी काढणाऱ्या बाईचे हात: बोटांची टोकं काळी, तळव्याची साल निघालेली, मधे मधे भाजल्यासारखे गुलाबी चट्टे. बाईंचा पेढा हवेतच राहिला. ‘अगंबाई, हिच्या हाताला काय झालंय? खरूज आहे का? कागदावर द्या हो, कागदावर. लहान मुलं आहेत इथे.’ आणि ते हसू. कुणीतरी वहीचं पान फाडून आणलं. मायने पेढा पानासकट घेतला, हात पदराखाली नेले, आणि घरी येईपर्यंत ते बाहेर काढले नाहीत. वाटेत एवढंच म्हणाली, ‘गोड असन. खाय तू.’ भागिरथाने खाल्ला नाही. पेढा कोनाड्यात राहिला, त्याला मुंग्या लागल्या, मुंग्यांनी तो नेला. पण त्या पानाला पडलेला तुपाचा डाग अजून भागिरथाच्या डोळ्यांपुढे होता. त्या दिवसानंतर माय शाळेच्या रस्त्याने जाईनाशी झाली. रेल्वेचं फाटक ओलांडून, लांबून जायची कामावर.

भागिरथा जाळी उतरवून दगडावर घासू लागली. विटकरीची पूड, नारळाची शेंडी, आणि मनगटात राग. चरबीचा थर आधी नुसताच लकाकला, मग चिकट झाला, मग गोळे होऊन निघू लागला. घासता घासता तिच्या ध्यानात आलं की आपल्याला बाईंचा राग येतोय तो येतोयच, पण त्याच्या खाली दुसरं काहीतरी खवट, जुनं, जाळीच्या सांध्यात अडकल्यासारखं बसलंय. माय तरी कुठे हात लावते आपल्याला? कधी लावला? मायबरोबर बिबे फोडणाऱ्या बेबीबाईच्या पोरी आईच्या मांडीवर डोकं ठेवून उवा काढून घ्यायच्या. भागिरथाच्या वेण्या जानराव घालायचा, एक वर एक खाली, आणि वर्गातल्या मुली विचारायच्या, ‘तुह्या बापानं बैलाचे कासरे वयले का वं?’ माय कामावरून आली की उंबऱ्याबाहेर बसायची, चिंचेच्या पाल्याने न् राखेने हात घासत. राखही या शेगडीचीच, बाबा पिशवीत भरून न्यायचे, भुश्याची राख मऊ असते म्हणून. बिबे फोडताना तेल चिकटू नये म्हणून हाताला तीच, धुतानाही तीच. लहानपणी भागिरथा पळत जाऊन बिलगायला गेली की माय अंग चोरायची, ‘दूर हो, दूर हो!’ म्हणायची, कोपराने ढकलायची. कोपराने! घास भरवायची तर चमच्याने. ताप आला तर कपाळावर हात बापाचा. पावसाळ्यात बिबे नसायचे, तेव्हा मायचे हात निवळायचे, ती जवळ यायला बघायची; पण तोवर भागिरथाच शहाणी झालेली, ती खांदा काढून घ्यायची. कोपराला खांदा. फिट्टंफाट. मायला आपली माया नाही, हे तिने कधीच गणितातल्या सूत्रासारखं पाठ करून टाकलं होतं. आणि तरीही, तरीही, त्या हातांना कुणी खरूज म्हणावं?

सूड तिला सुचला तो आपल्याआपणच. हवेच्या तोंडातलं राखेचं बूच निघालं, भक्कन वारा आत शिरला, उरलीसुरली राख वर उसळली, आणि भागिरथाने बाई कुठे बसतात ते पाहिलं. कडुनिंबाखाली सिमेंटचा बाक होता, तिथे बाकीचे पाहुणे बसत. बाईंची वेताची खुर्ची मात्र शेगडीला लागून असायची. जानराव घरी येऊन सांगायचा, ‘त्याइले थंडी लय वाजते. धूर खातीन पन शेगडी सोडत नाईत.’ धूर खातीन. बिब्याचा धूर! अख्ख्या वऱ्हाडात कुणालाही विचारा, बिबा उततो म्हणजे काय. तेल लागलं तरी उततो, धूर लागला तरी उततो. तोंड पुरीसारखं फुगतं, डोळे मिटतात, चामडी पेटल्यासारखी होते. धोबी कपड्यांवर बिब्याने खूण करतो ती कपडा फाटेल तोवर जात नाही. फोडलेल्या बिब्यांची टरफलं व्यापाऱ्याच्या शेडमागे ढिगाने पडलेली असतात. ती कुटली की भुश्यासारखीच दिसतात. भागिरथा मांडी घालून बसली आणि एकटीच हसली. मग दचकली. आपलं हसू आपल्यालाच नाकातून आल्यासारखं वाटलं.

भीती? भीती कसली. बिबेवालीच्या पोरीला बिबा उतत नाही, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. रक्तातच असतो तो आपल्या, असं ती शाळेत मैत्रिणींना सांगायची, आणि त्या माना डोलवायच्या. माय वर्षानुवर्षं बिब्यात हात घालते, काही झालं का तिला? चट्टे पडतात, साल निघते, बस. इतर पाहुणे? ते लांब बाकावर, पत्ते खेळत असतात. असं म्हणून तिने मनातला तो एक बारका टोचरा काटा बोटाने दाबून आत सरकवला.

शनिवारी सकाळची शाळा झाली आणि भागिरथा शेडमागे गेली. माय न् बेबीबाई पुढच्या अंगाला ओळीत बसलेल्या. दगडांचा आवाज येत होता, टक्, टक्, टक्, आणि मधेच बेबीबाईचं खिदळणं. ‘वच्छले, तुही पोट्टी आता मोठ्ठी लीडर होते पाय! तुले मोटारीत बसवते!’ त्यावर मायचा आवाज, हळू: ‘मले कायची मोटार वं. तिच्या हाताले दगड लागू नये, झालं.’ भागिरथाने पिशवी भरली. ती ऐकत नव्हती. म्हणजे ऐकलं, पण ठेवून दिलं. बंगल्यावर येऊन तिने टरफलं पाट्यावर कुटली, उन्हात, घाम पुसत, डोळ्यांवरचे केस मागे सारत, आणि मधूनमधून आपलं अकोल्याचं भाषण म्हणत: ‘अन्यायाचा प्रतिकार हाच खरा धर्म!’ प्रत्येक उद्गारचिन्हाला एक घाव. इतकी मजा तिला पदक घेतानाही आली नव्हती.

शेगडी तर अशी उजळली होती की मोहनसिंगनेही ओळखली नसती. जाळीवर चरबीचा ठिपका नाही. तडा गेलेला गिलावा तिने खरवडून काढला होता, पांढरी माती, गव्हांडा न् शेण मळून नवा दिला होता, ओला असताना बोटाने गुळगुळीत केला होता. पत्र्याला बाहेरून करडईच्या तेलाचा हात फिरवला, गंज धरू नये म्हणून. हवेचं तोंड असं मोकळं की हात धरला तर वारा लागावा. काम चोख पाहिजे. सूड घ्यायचा तर भांडं स्वच्छ हवं. मग दांडका उभा केला, खालच्या तोंडातून दुसरा आडवा सारला, आणि थर देत गेली: भुसा, टरफलं, भुसा, टरफलं, वर पुन्हा भुसा, प्रत्येक थर मुठीने ठासून. दांडका ओढायची घाई केली की सगळं आत कोसळतं, बाबा नेहमी सांगायचे. गोल फिरवत, जणू झोपलेल्या लेकराच्या उशाखालचा हात काढायचा आहे, तसा काढायचा. तिने तसाच काढला. भोक राहिलं, काळं, सरळ, खोल. तिने त्यात वाकून पाहिलं. तळाशी उजेडाचा एवढासा तुकडा होता. त्या तुकड्यात तिला बाईंचं तोंड दिसलं, सुजलेलं, हसायला ओठच न उरलेलं. कुणीतरी म्हणेल, ‘अगंबाई, खरूज आहे का?’ कागदावर द्या हो यांना, कागदावर.

रात्री हात खाजले. ढेकूण असतील असं म्हणून ती कुशीवर वळली.

सकाळ झाली ती तिला दिसली नाही. कोंबडा ऐकू आला, शेजारच्या रेडिओवर भक्तिगीतं लागली, पण उजेड येईना. तिने डोळे उघडले, म्हणजे उघडायला गेली, आणि पापण्यांच्या जागी कणकेचे गोळे होते. गाल कानापर्यंत गेलेले. बोटं एकमेकांना चिकटून जाड, गरम, दुसऱ्याच कुणाची. ‘बाबा!’ ती ओरडली, आणि आवाजही दुसऱ्याच कुणाचा निघाला. आधी बापाचं कण्हणं, मग मायची पावलं. मग मायने तिचा हात मनगटाला पदराने धरून उचलला आणि नखं हुंगली.

‘बिबा,’ माय म्हणाली. ‘कुठी गेल्ती तू?’

‘कुठी नाई.’

‘भागे, नखात टरफल हाये. काहून हात घातला?’

‘आपल्याले उतत नाई ना माय. सगळे म्हनतात.’

‘कोन म्हनते? कोनाच्या बापानं सांगतलं तुले?’ मायचा आवाज फुटला, इतका मोठा भागिरथाने तो कधीच ऐकला नव्हता. ‘मले उतत नाई. तुले उतते! पायन्यात होती तू, म्या शेडमधून आली न् तशीच घेतली तुले, हाताले राख न् तेल तसंच. मुका घेतला. रातच्याले फुग्यावानी झाली. डोये उघडनात, दूध ओढता येईना. डाक्टर म्हने, वाचली तं नशीब. तवापासून...’ आणि माय थांबली. पुढचं तिला येत नव्हतं, किंवा येत होतं आणि कधी बोललं नव्हतं. ‘तवापासून कामाच्या दिवसात तुले हात नाई लावला म्या. जीव कसा तुटे, तुले काय सांगू. कोपरानं ढकलो.’

भागिरथा मिटल्या डोळ्यांनी पडून राहिली. आत काहीतरी गोल फिरत, हळूहळू, भुश्यातून दांडका निघावा तसं निघत होतं, आणि त्याच्या जागी एक सरळ, खोल भोक राहत होतं, आणि त्यात वारा शिरत होता. कोपर. चमचा. बापाने घातलेल्या वाकड्या वेण्या. ‘दूर हो, दूर हो.’ पाठ केलेलं सूत्र उलटंच निघालं. बाईंनीही हात लावला नव्हता आणि मायनेही. बाहेरून पाहिलं तर दोन्ही सारखंच दिसलं असतं.

‘पन कायले पायजे होते टरफलं?’

मग भागिरथाने सांगितलं. सगळं. शेगडी, थर, वेताची खुर्ची. बोलताना ओठ फाटत होते, तरी तिने ‘पेढा’ म्हटलं, ‘कागद’ म्हटलं, ‘खरूज’ म्हटलं. पलीकडच्या खाटेवर बाप उठून बसला असावा, दोरी करकरली. ‘अवं पोट्टे, नोकरी जाईन माही!’ तो म्हणाला. भागिरथाला वाटलं आता शिवी येईल, नाहीतर रडणं. पण आला तो वेगळाच आवाज: कोपऱ्यातली बिबे फोडायची दगडाची गोटी उचलल्याचा, मग कशाची तरी पुरचुंडी बांधल्याचा.

‘म्या जातो बंगल्यावर,’ माय म्हणाली. ‘शेगडी रिकामी करतो, नवा भुसा भरतो. आयकलं का, पोरीच्या तोंडाले ताक लावा. हात नका लावू देऊ तिले.’

दिवस कुठून कुठे गेला ते भागिरथाला कळलं नाही. अंधारात चामडी ठणकत होती आणि त्याहून जास्त ठणकत होता तो भुसा, तिचा भुसा, थर देऊन मुठीने ठासलेला, जो माय आता उलथन्याने उकरत असेल, खड्ड्यात ओतून माती लोटत असेल. तिला रडू येत होतं पण पाणी बाहेर यायला जागा नव्हती. बाई आज खुर्ची ओढून बसतील. स्वच्छ, लखलखीत जाळीवर त्यांची रताळी भाजतील, आणि खवट वास येणार नाही, कारण भागिरथाने ती जाळी विटकरीने घासली होती. म्हणजे सगळ्या सुडाचं काय झालं? एक शेगडी साफ झाली. माय तिथे उभी असेल, हात पदराखाली. मुकी आहे वाटतं, बाई म्हणतील. भागिरथाला वाटलं, आपण उठावं, आंधळंच चालत जावं, हे असलं तोंड घेऊन त्यांच्यासमोर उभं राहावं. पण पाय मायसाठी थांबले. पहिल्यांदाच तिला वाटलं की माय यावी, लवकर यावी, आणि बाकी काही नको.

दिवेलागणीला माय आली. उंबऱ्याबाहेर बसली. चिंचेच्या पाल्याची कचकच आली, पाणी ओतल्याचा आवाज, पुन्हा ओतल्याचा, पुन्हा. साबणाचा वास. खोबरेल तेलाची बाटली उघडली. मग माय तिच्या उशाशी बसली, आणि भागिरथाच्या गालावर हात आला. पदर नाही, कोपर नाही, हात. खरखरीत, सालं निघालेला, तेलाने थंड. भागिरथाने श्वास धरून ठेवला, जणू सोडला तर तो उडून जाईल.

‘भुसा काढला?’

‘काढला. पुरून टाकला. नवा भरला, चांगला जयला.’

‘बाई होती?’

‘होती ना. खुर्चीत. गोडंबी पायजे म्हने, ताजी.’ मायची बोटं कपाळावरून पापण्यांवर आली, हलकेच, गोल. ‘नेले होते म्या बिबे. तिथंच बसली न् फोडून देल्ली.’

‘कागदावर?’

‘नाई. कागद नोता तिथं. तिनंच हात पुढं केला, न् म्या तिच्या हातावर ठेवली. पुन्यांदा मांगतली, पुन्यांदा ठेवली. बाप्पा, कायची खाय वं! खाय न् तोंड पुसे, खाय न् तोंड पुसे.’

‘वळखलं तुले?’

‘कायची वळखते.’

मायचा हात गालावरून मानेवर गेला, परत आला. अंधारात एक विचार तिच्याकडे सरकत आला, भुश्याच्या आत लाली सरकते तसा, आवाज न करता. गोटी. पुरचुंडी. शेगडीजवळ राखेचा ढीग होता, पण मायने राखेचं नाव काढलं नव्हतं.

‘माय,’ तिने विचारलं, ‘फोडल्यावर हात धुतले होते?’

मायची बोटं क्षणभर तिच्या गालावर थांबली.

‘आत्ता धुतले,’ माय म्हणाली. ‘तुले लावाच्या आंदी.’

आणि भागिरथाच्या सुजलेल्या तोंडात, कुठून तरी खालून, हसू पेटलं. ते गालांना मावेना, ओठांना झेपेना, डोळ्यांच्या फटीतून पाणी होऊन निघालं. खाटेची दोरी करकरली, बापाने काय झालं म्हणून विचारलं.

‘हासू नको, भागे,’ माय म्हणाली, आणि तिचाही आवाज हलत होता. ‘हासू नको वं. चामडी ताणते.’